गाईचं पान आणि तीन पिल्लं

गिनीपिगला खीर चालत नाही. वडे चालत नाहीत, वरणभात चालत नाही, आमसुलाची चटणी तर मुळीच नाही. हे कळायला फार शिक्षण लागत नाही. मी चौथी पास आहे आणि मला कळतं. आमच्या सोसायटीत इंजिनियर आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, समोरच्या बाई तर कॉलेजात शिकवत होत्या. त्यांना कळलं नाही. त्यांच्या न कळण्यापायी एक मूठभर जीव मरायला टेकला होता. माझाही त्यात हात होता, तोही सांगते.

हे प्राणी मी आणले नाहीत. मला विचारलं असतं तर नको म्हटलं असतं. नातीने बारावीच्या निकालानंतर हट्ट धरला आणि मुलाने दुकानातून एक आणून दिली. पांढरी, कानाजवळ तपकिरी. दुकानदाराने सोबत रंगीत दाण्यांची पिशवी दिली. रोज एक वाटी टाका, बाकी काही बघायला नको, म्हणाला. मी पिशवी उघडून बघितली. मका, सूर्यफुलाच्या बिया, लाल-हिरवे कुरकुरीत तुकडे. गवताची एक काडी नाही.

मी सुनेला म्हटलं, "हा पोपटाचा खाऊ हाय. आणि ही गाभण हाय."

सून हसली. "आई, मोबाइलवर बघा ना, सगळ्या अशाच गोल असतात."

जन्मभर म्हशी सांभाळल्या, गाभण कोण आणि गोल कोण एवढं मला समजतं. बारा दिवसांनी तीन पिल्लं झाली. डोळे उघडे, अंगभर केस, दुसऱ्या दिवशी आईच्या पुढ्यातलं गवत ओढायला लागली. म्हशीचं रेडकूसुद्धा इतकं तयार जन्माला येत नाही. तिन्ही माद्या निघाल्या, तेवढं एक बरं झालं. दुकानदाराला मुलाने फोन केला, तर तो म्हणाला, अभिनंदन.

पिल्लं दीड महिन्यांची झाली आणि नात शिकायला दुसऱ्या गावी गेली. ज्यांनी हट्ट धरायचा ते जातात आणि ज्यांनी नको म्हटलं असतं त्यांच्या गळ्यात पडतं. जाताना तिने एक कागद लिहून फ्रिजला चिकटवला. पोरीचं अक्षर चांगलं आहे. गवत चोवीस तास पुढ्यात हवं, संपता कामा नये. पिल्लांची हाडं वाढतात म्हणून त्यांना थोडा लसूणघासाचा हिरवा चारा द्यायचा, पण त्यांच्या आईला साधं गवतच, कारण मोठ्यांना लसूणघासाने मुतखडा होतो. ढोबळी मिरचीची एक फोड रोज, कारण माणसांसारखंच यांच्याही अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. कोथिंबीर, देठांसकट. पेरूची फोड आठवड्यातून दोनदा, जास्त नाही, गोड असतो. त्याखाली लाल पेनने: पोळी नाही, दूध नाही, बिस्किट नाही, शिजवलेलं काहीही नाही. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं आणि तिला फोनवर सांगायचं. पिल्लांची नावंही लिहिली होती. ती मला उच्चारता येत नाहीत. मी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणते.

कागद मी दोनदा वाचला. त्यात एकही गोष्ट वेडगळ नव्हती. जनावराला त्याचं खाणं द्यावं, आपलं नाही, एवढंच त्यात होतं.

गवताचा मात्र घोळ झाला. सुनेने मागवलेलं गवत कुरियरने आलं. प्लास्टिकच्या पाकिटात, वर सशाचं चित्र, आत भुसा. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन आमच्या गावाची. याच जमिनीच्या बांधावरून मी डोक्यावर गवताचे भारे वाहिले, आणि आता त्याच जागी तिसऱ्या मजल्यावर गवत कुरियरने येतं. मी पाकीट परत करायला लावलं. खडकवासल्याच्या पुढे माझ्या भाच्याचा एक तुकडा अजून विकायचा राहिला आहे. तिथे तो दुभत्या जनावरांसाठी लसूणघास करतो आणि बांधाला मारवेल गवत आहे. स्वारगेटहून येणारी बस आमच्या कोपऱ्यावर थांबते. दर तीन दिवसांनी मी त्या बसने जायचे आणि पिशवी भरून आणायचे. रस्त्याकडेचं गवत मी कधी कापलं नाही. त्यावर गाड्यांचा धूर, कुत्र्यांचं मूत आणि महापालिकेची फवारणी असते.

गवत गच्चीवर वाळत घातलं तर सेक्रेटरी वर आले. "आजी, गच्चीवर पापड-कुरडया चालतात. गवताचा ठराव झालेला नाही."

"पापडाचा कधी झाला?"

त्यावर ते खाली गेले. पण तेव्हापासून सगळ्या इमारतीला कळलं की तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीकडे गवत खाणारी जनावरं आहेत. पुढचं सगळं त्यातून झालं.

पितृपंधरवडा लागला. आमच्याकडे तिथीला पानं काढतात. कावळ्याचं एक, कुत्र्याचं एक, गाईचं एक, आणि मग घरच्यांनी जेवायचं. कावळ्याचं पान गच्चीवर जातं. कुत्री गेटपाशी हवी तितकी आहेत. गाईची सोय कालव्याजवळच्या देवळापाशी होती, तिथे एक बाई गाय बांधून बसायची. यंदा तिथला रस्ता रुंद झाला आणि बाई गाय घेऊन कुठे गेली ते कोणाला ठाऊक नाही. सोसायटीतली माणसं हातात केळीचं पान धरून गाड्यांतून गाय शोधत फिरत होती. गाईंचे गोठे पाडून फ्लॅट बांधले तेव्हा हा विचार करायला हवा होता. आमच्या घरानेही केला नाही.

समोरच्या फ्लॅटमधल्या बाई मूळच्या शनिवार पेठेतल्या. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान आहेत आणि मला आजी म्हणतात. त्यांनी एके दिवशी दुपारी बेल वाजवली. हातात पान, पानावर भात, वरण, खीर, वडा, भोपळ्याची भाजी.

"अहो आजी, आपल्याकडचे ते प्राणी शाकाहारी आहेत ना?"

"मग काय बोकड खातील?"

"चेष्टा नका करू. आज सासूबाईंची तिथी आहे. गाय कुठे मिळाली नाही. गवत खाणारा प्राणी आहे, स्वच्छ आहे, म्हटलं हे पान त्यांच्यापुढे ठेवावं. दोन मिनिटं फक्त."

"त्यांना हे चालत नाही."

"नुसतं ठेवते हो. खाल्लं तर खाल्लं."

इथे मी चुकले. दारात आलेल्या विक्रेत्याला मी एका शब्दात घालवते. सेक्रेटरीला घालवते. पण कोणाच्या मेलेल्या सासूचं पान दारातून परत पाठवायला माझी जीभ रेटली नाही. आमच्या घरातही तीच रीत आहे ना. मी म्हटलं, पिंजऱ्याबाहेर ठेवा, लांब. त्यांनी ठेवलं, हात जोडले, डोळे मिटले. चारही जणींनी जाळीतून वास घेतला आणि पुन्हा गवताला लागल्या. बाई गेल्यावर मी पान उचललं. झालं, संपलं, असं मला वाटलं.

बाईंनी घरी जाऊन सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: ज्यांना गाय मिळत नसेल त्यांच्यासाठी तिसऱ्या मजल्यावर गोग्रासाची सोय झाली आहे. जोडलेल्या हातांची चित्रं. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही खडकवासल्याहून परत आल्यावर.

घरात शिरले तर गॅलरीत पिंजऱ्याचं दार सताड उघडं. आत चार पानं. गवतावर भात, पाण्याच्या बाटलीच्या तोंडाला खीर, थोरलीच्या पाठीवर वरण. धाकटी एका पानात बसून वडा कुरतडत होती. ती पहिल्यापासून हावरट. सून बेडरूममध्ये, कानाला हेडफोन.

"कोणी आत घेतलं?"

"आई, सॉरी, कॉल चालू होता. सगळे म्हणाले, दोनच मिनिटं. एक काका तर म्हणाले, आजींनी परवानगी दिली आहे."

"दार कोणी उघडलं पिंजऱ्याचं?"

"मला काय माहीत? मी म्यूटवर होते."

फ्रिजवरचा कागद होता तिथेच होता. चार घरांची माणसं त्याच्यासमोरून गॅलरीत गेली. ‘शिजवलेलं काहीही नाही’ हे मराठीत लिहिलेलं होतं, लाल पेनने. वाचायला येत होतं सगळ्यांना.

मी पिंजरा धुतला, नवीन गवत घातलं. थोरली, मधली आणि त्यांच्या आईने फारसं खाल्लं नव्हतं, त्या लगेच गवताला लागल्या. धाकटी संध्याकाळी कोपऱ्यात जाऊन बसली. पाठ वाकडी, केस उभे, डोळे अर्धे मिटलेले. ढोबळी मिरची नाकाशी धरली तर तोंड फिरवलं. पोटावर हलकं बोट मारून बघितलं तर ढोलकीसारखा आवाज. ओला घास जास्त खाल्लेल्या म्हशीचं असंच होतं. ते मी ओळखलं.

तेवढ्यात समोरच्या बाई आल्या. काय झालंय ते बघून त्यांचा चेहरा पडला, पण सल्ला द्यायच्या थांबल्या नाहीत.

"अजीर्ण झालं आहे आजी. एक दिवस लंघन द्या. पोट मोकळं झालं की आपोआप खाईल."

त्यांचं मी ऐकलं असं नाही म्हणणार. माझंही मत तेच होतं. पोट बिघडलेल्या वासराला आम्ही एक वेळ उपाशी ठेवायचो, पोरांनाही ठेवायचो. मी धाकटीला वेगळ्या खोक्यात घातलं आणि तिच्यापुढचं गवत उचललं. माझ्या हाताने उचललं.

सकाळी तिला काट्यावर ठेवलं. रविवारपेक्षा वजन चांगलंच उतरलं होतं. खोक्यात एकही लेंडी नव्हती. एरवी ही जनावरं दिवसभर लेंड्या टाकतात, झाडून कंटाळा येतो. मी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि रिक्षा केली. अशा लहान प्राण्यांचा डॉक्टर शनिवार पेठेत आहे. नातीने त्याचं नावही कागदावर लिहून ठेवलं होतं. रिक्षावाला सगळी वाट आरशातून बघत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, उंदीर आहे का?" मी म्हटलं, पुढं बघ.

डॉक्टर तरुण होता. पोट चाचपून त्याने विचारलं, "काय खाल्लं?"

"श्राद्धाचं जेवण."

त्याला वाटलं मी चेष्टा करते. मग मी सगळं सांगितलं. वडा, खीर, चार पानं.

"आणि त्यानंतर?"

"लंघन."

त्याने स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला. "आजी, गाईला एक दिवस उपाशी ठेवलं तर ती रागावेल. याला ठेवलं तर हे मरेल. यांचं आतडं सतत चालू राहावं लागतं. आत काही जात नसेल तर ते थांबतं, आणि एकदा थांबलं की पुन्हा चालू करणं फार अवघड. गवत का काढलंत?"

मी मान खाली घातली आणि "चुकलं," म्हटलं. म्हातारपणी कोणी रागावलं की मी उलट दोन शब्द ऐकवते, त्या दिवशी नाही ऐकवले. त्याचा राग बरोबर होता. म्हशीची विद्या मी उंदराएवढ्या जनावराला लावली होती, आणि वर दुसऱ्यांना नावं ठेवत होते.

"घरात कोणाला यांच्या खाण्याचं काही माहीत नाही का?" त्याने विचारलं.

"फ्रिजवर कागद हाय."

"मग वाचला नाही का कोणी?"

"मी वाचला. बाकीच्यांचं लक्ष वर स्वर्गाकडे होतं."

तो हसला नाही. त्याने गॅसचं औषध दिलं, जीवनसत्त्वाचे थेंब दिले आणि वाळलेल्या गवताची एक पूड दिली. ती पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजने दर दोन तासांनी भरवायची. पोट हलक्या हाताने चोळायचं. गवत पुढ्यात ठेवायचंच, खाल्लं नाही तरी. "उद्या संध्याकाळपर्यंत लेंडी दिसली तर आशा आहे," म्हणाला. दिसली नाही तर काय, ते मी विचारलं नाही.

सोसायटीत आले ती घरी न जाता समोरच्या दारावर उभी राहिले. बाईंनी दार उघडलं. मी टॉवेल पुढे केला.

"बघा तुमचं लंघन."

"अहो, मी चांगल्या बुद्धीने..."

"चांगली बुद्धी पिंजऱ्यात जाऊन बसली नव्हती. ग्रुपवर कोणी लिहिलं? सोय म्हणे. माझ्या घरात सोय करायला तुम्ही कोण?"

त्या उभ्या राहून ऐकत होत्या. मी अजून बरंच बोलले. जिन्यातून दोघे वर आले आणि ऐकून पुन्हा खाली गेले. बोलून संपल्यावर मी तिथेच, त्यांच्या हॉलमधल्या खुर्चीवर बसले. औषधाची वेळ झाली होती. पूड कालवली, सिरिंज भरली. पण असलं बारीक काम मला जमेना. पहिला घोट धाकटीच्या नाकावर गेला, दुसरा माझ्या पदरावर.

बाईंनी सिरिंज घेतली. धाकटीला छातीशी धरलं, तोंडाच्या कडेने, दातांच्या मागे, सिरिंजचं टोक सरकवलं आणि एक थेंब सोडला. थांबल्या. धाकटीचा जबडा हलला. मग दुसरा थेंब.

"सरळ घशात नाही सोडायचं, गालात सोडायचं. गिळलं की मग पुढचा," त्या म्हणाल्या. "सासूबाईंना असंच भरवायचे. चार वर्षं. शेवटी शेवटी नुसती पेज."

मी पुढची पूड कालवायला घेतली. राग गेला नव्हता. पण धाकटी गिळत होती, आणि मला तेवढंच हवं होतं.

त्या दिवसापासून दर दोन तासांनी बाई आमच्याकडे येत होत्या. घड्याळ लावून. मी पूड कालवायची, त्यांनी भरवायचं, मग मी पोट चोळायचं. एकदा त्या म्हणाल्या, "आजी, ही पूड नुसता गवताचा लगदा आहे हो, तिला बेचव लागत असेल." मी म्हटलं, "मीठ-साखर घालू का?" त्यावर त्यांनी सिरिंज पुन्हा भरली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोकं कोरडं ठाक. मी दर अर्ध्या तासाने टॉवेल उचलून बघत होते. चार वाजून गेल्यावर कोपऱ्यात दोन काळ्या लेंड्या दिसल्या. बारीक, सुकलेल्या, पण लेंड्या. मी सुनेला हाक मारली. ती कॉल सोडून आली, हेडफोन गळ्यात तसेच. समोरच्या बाईंना बोलावलं. आम्ही तीन बाया खोक्यावर वाकून दोन लेंड्यांकडे बघत होतो. तासाभराने धाकटीने गवताची एक काडी तोंडात घेतली आणि ती आखूड होत होत आत गेली.

रविवारी नातीचा फोन आला. "आजी, वजन?" मी तिघींचं खरं वजन सांगितलं आणि धाकटीचं का उतरलं तेही सांगितलं, लंघनासकट. ती आधी रडली, मग माझ्यावर ओरडली. मग म्हणाली, "आता खातेय?" मी म्हटलं, खातेय. "मग फोन ठेव आणि मिरची दे तिला," म्हणाली. बरोबर बोलली.

मग मी सुनेला ग्रुपवर लिहायला बसवलं. ती ‘कृपया’ने सुरुवात करायला लागली. मी म्हटलं, कृपया काढ. लिही: तिसऱ्या मजल्यावर गाय नाही. इथे चार गिनीपिग आहेत. तुमच्या वड्याने एक मरत होती. ज्याला काही ठेवायचं असेल त्याने कागदावरचं ठेवावं. आणि नातीच्या कागदाचा फोटो टाकायला लावला.

पाच जणांनी जोडलेले हात पाठवले. एकाने विचारलं, मग श्रद्धेचं काय? ज्या काकांनी मी परवानगी दिली असं सांगितलं होतं त्यांनी सुविचार पाठवला. चुकलं, असं एकानेही लिहिलं नाही. मी चुकले ते मी डॉक्टरपुढे मान खाली घालून कबूल केलं. त्यांना नुसतं लिहायचं होतं, तेही जमलं नाही.

सर्वपित्री अमावस्येला सकाळपासून मी दाराला आतून कडी घातली होती. बाराच्या सुमाराला दुसऱ्या इमारतीतलं एक जोडपं खिरीची वाटी घेऊन आलंच. मी दार न उघडता आतूनच त्यांना जे सांगायचं ते सांगितलं. ते लिहिण्यासारखं नाही. थोड्या वेळाने पुन्हा बेल. समोरच्या बाई. हातात केळीचं पान, झाकलेलं.

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"आधी बघा तर."

त्यांनी झाकण काढलं. पानावर मधोमध धुतलेली कोथिंबीर, देठांसकट. एका बाजूला मारवेलाच्या काड्या, त्या त्यांनी गच्चीवरच्या माझ्याच वाळवणातून उचललेल्या दिसत होत्या. पेरूच्या चार पातळ फोडी. आणि जिथे वडा असतो तिथे ढोबळी मिरचीचे चार तुकडे, बिया काढलेले. सगळं नेहमीच्या पानासारखं नीट वाढलेलं, डावं-उजवं सांभाळून. मिठाची जागा रिकामी ठेवली होती.

"सासूबाईंना ढोबळी मिरची अजिबात आवडायची नाही हो," त्या म्हणाल्या. "काल दिवसभर विचार करत होते, चालेल का म्हणून."

"त्यांना नसेल आवडत तर त्यांनी पेरू खावा," मी म्हटलं आणि पान त्यांच्या हातातून घेतलं.

पिंजऱ्याचं दार या वेळी मीच उघडलं. धाकटीने थोरलीला ढकलून पहिला तुकडा पळवला. तिचं वजन अजूनही बहिणींपेक्षा कमी आहे आणि डॉक्टर म्हणतो, बहुतेक कमीच राहील.